हवेतली फेरी

अवसरी बुद्रुक,
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय राकेश,

सप्रेम जय भीम.

मुद्दामच फोन केला नाही. फोनवर तू "ताई, ऐक तर" म्हणतोस, मी आणखी चढते आणि शेवटी मावशीपर्यंत भांडण जातं. मेलमध्ये तुला मध्येच तोंड घालता येत नाही, तेवढं बरं.

परवा तुमच्या कंपनीच्या कंट्रोलरनं, मशीन हाकणाऱ्या त्या कंप्युटरनं, माझ्या मशीनचं टूल सरळ क्लॅम्पवर नेऊन घातलं. कापायचा जॉब घट्ट धरून ठेवणारा लोखंडी क्लॅम्प, त्याचा तुकडा उडून दाराच्या काचेवर बसला. काच तडकली, टूल फिरवणारा स्पिंडल आता जात्यासारखा घरघरतो. काचेच्या या बाजूला अजीजभाई उभे होते. तुला माप घ्यायचं व्हर्निअर धरायला ज्यांनी शिकवलं, तेच अजीजभाई. काच जाड होती म्हणून मी तुला हे पत्र लिहितेय, नाहीतर वेगळंच काहीतरी कळवावं लागलं असतं.

तुमच्या साहेबांना कधी वेळ मिळाला तर आमच्याकडं आधी कसं चालायचं ते सांग. ड्रॉइंग आलं की ते मंचरच्या रविंद्रकडं जायचं. टूलनं कुठून शिरायचं, कुठं वळायचं, कुठं वर उचलायचं, ती सगळी वाट तो त्याच्या कंप्युटरवर आखायचा आणि फाइल पाठवायचा. कंट्रोलर ती फाइल मुकाट्यानं चालवायचा. दसऱ्याला तुम्ही येऊन नवं सॉफ्टवेअर टाकलंत आणि म्हणालात, आता वाट कंट्रोलरच आखणार. ड्रॉइंग द्या, हिरवं बटण दाबा, चहा प्या. मी खूश झाले, खोटं कशाला बोलू? रविंद्रच्या नाकदुऱ्या काढायच्या संपल्या म्हणून पेढे वाटायचेच बाकी होते.

शिसारी कशाची आली सांगू? नुकसानीची नाही. टूल क्लॅम्पमध्ये रुतून बसलेलं, सगळीकडं कूलंटचं पाणी उडालेलं, आणि पडद्यावर हिरव्या अक्षरांत लिहिलंय, 'काम सुरळीत चालू आहे'. मी ते तीनदा वाचलं. वर तुमच्या विक्रीच्या प्रतिभा मॅडम फोनवर इतक्या गोड आवाजात "ऑपरेटरची चूक दिसते" म्हणाल्या की मी फोनच ठेवून दिला.

अजीजभाई एकच वाक्य घोकतायत. "ताई, म्या हवेत फेरी मारली व्हती. टूल तिथनं गेलंच न्हाई." हवेतली फेरी तुला माहीत आहे. नवा जॉब लावला की टूल कामापासून चार बोटं वर धरायचं, सगळा प्रोग्रॅम मोकळाच चालवायचा, अजीजभाईंनी डोळ्यांत तेल घालून पाहायचं, आणि मगच टूल खाली घ्यायचं. या वर्कशॉपात ती फेरी मारल्याशिवाय आजवर एक जॉब कापलेला नाही.

काय झालं ते शोध आणि कळव.

तुझी,
रत्नाताई


पुणे,
२० नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

जय भीम. अजीजचाचांना काही लागलं नाही हे वाचून आधी हायसं वाटलं.

तुझ्या कंट्रोलरमधली नोंद मागवून पाहिली. टूलची वाट आखताना मध्ये कोणता क्लॅम्प येतो हे कंट्रोलरला सांगावं लागतं, त्यासाठी पडद्यावर जागा आहे. तुमच्या जॉबला ती जागा रिकामी आहे. कंट्रोलरच्या दृष्टीनं तिथं क्लॅम्प नव्हताच. त्यामुळं कंपनीचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या चूक नाही.

ताई, हे माझं दोन वर्षांचं काम आहे, म्हणून थोडं मनापासून लिहितो. आमच्याकडंही पुष्कळ वाद झाले. जुने लोक म्हणत होते, कंट्रोलरचं काम सांगितलेली वाट चालवणं; वाट आखणं हे दुसऱ्याचं काम, दोन्ही एकत्र करू नका. मी उलट बाजूनं भांडलो, ते तुझं वर्कशॉप डोळ्यांपुढं ठेवूनच. ज्याच्याकडं एकच मशीन आहे त्यानं रविंद्रच्या दारात का ताटकळावं? मोठ्या कारखान्यांना वाट आखणारे दहा जण ठेवता येतात. तुम्हाला मिळायला हवं म्हणून मी ते बटण मागितलं.

एक सांगू का, रागावू नकोस. चाचांचं वय झालं. हवेतल्या फेरीत टूल क्लॅम्पवरून गेलं असेल आणि त्यांच्या नजरेतून निसटलं असेल. एकदा डोळे तपासून घ्यायला सांग. मी त्यांच्या काळजीपोटीच म्हणतोय.

तुझा,
राकेश


अवसरी बुद्रुक,
२४ नोव्हेंबर २०२४

राकेश,

'तांत्रिकदृष्ट्या चूक नाही'. हा शब्द तू कुठं शिकलास? आपल्या घरात तर कुणी असं बोलत नाही. असली वाक्यं पुसायला फडकंसुद्धा हातात घेऊ नये असं वाटतं.

क्लॅम्पचं सांगायचं राहिलं हे खरं. मी कबूल करते, कारण मला ते करता येतं. पण का राहिलं ते ऐक. तुमच्या पडद्यावर क्लॅम्पची चित्रं आहेत, त्यात आमचा एकही नाही. आमचे क्लॅम्प अजीजभाईंनी ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्यांतून बनवलेत, एक दुसऱ्यासारखा नाही. रविंद्रला ते कधी लिहून द्यावे लागले नाहीत. तो फाइल करायच्या आधी फोन करायचा, खेकसायचा, "क्लॅम्प कुठं लावनार हाय? उंच किती हाय? मागल्या येळंवानी करू नका राव!" आम्ही त्याच्या त्या खेकसण्याला कंटाळलो होतो. आता कळतंय, आमच्याकडं क्लॅम्पची नोंद म्हणजे तो फोन होता. तुझं बटण काही विचारत नाही. ते गोड आहे, तुमच्या मॅडमसारखं.

हा जॉब निरगुडसरच्या सावळेरामांच्या कांदा निवडायच्या यंत्राचा होता. ते येऊन बसले, मोडलेलं टूल हातात घेऊन पाहिलं आणि म्हणाले, "रत्नाबाई, मशीनला वाट दाखवायला आता मशीनच का? मंग तुमी काय करता?" काम ते घेऊन गेले, जाऊ दे.

आणि तुझा तो डोळ्यांचा सल्ला. वाचल्यावर तुला दोन शिव्या घातल्या, आणि संध्याकाळी तोच सल्ला अजीजभाईंना दिला. "एकदा तपासून घ्या ना," असं मी हळूच म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि झाडू घेऊन लोखंडाचा कीस गोळा करायला लागले. बावीस वर्षांत मी त्यांना झाडू दिलेला नाही. मला माझीच किळस आली.

हवेतल्या फेरीचं तू अजून काहीच बोललेला नाहीस. त्यांनी पाहिलं ते काय होतं?

रत्ना


पुणे,
२ डिसेंबर २०२४

प्रिय ताई,

घाईत लिहितो, बंगळूरचं प्रदर्शन तोंडावर आलंय.

कंपनीचा अहवाल तयार झाला. त्यात 'क्लॅम्पची नोंद न केल्यामुळे' एवढंच कारण लिहिलंय. तुमच्या वर्कशॉपला एक दिवसाचं मोफत प्रशिक्षण मंजूर करून घेतलंय, ते जरूर घे. स्पिंडलचं काय करता येईल तेही पाहतो.

हवेतल्या फेरीबद्दल तू विचारलंस. प्रोग्रॅम तोच, बटण तेच, फक्त उंची वेगळी. दोन्ही वेळी वाट तीच असणार, यात बघण्यासारखं काही नाही. वरच्या फेरीत टूल क्लॅम्पच्या डोक्यावरून जाताना दिसायला हवं होतं. चाचांना ते दिसलं नाही, इतकंच.

डोळ्यांचं काय झालं? मोतीबिंदू असेल तर आता अगदी सोपं असतं, घाबरू नका म्हणावं.

राकेश


अवसरी बुद्रुक,
११ जानेवारी २०२५

राकेश,

तुझ्या 'सोपं असतं'ला उत्तर द्यायला मुद्दाम उशीर केला. हात शिवशिवत होते आणि मला पुढचं नीट लिहायचं होतं.

अजीजभाईंनी डोळे तपासून घेतले. एकदा मंचरला, एकदा नारायणगावला. दोन्हीकडं एकच सांगितलं, या चष्म्यानं नजर साफ आहे, मोतीबिंदूचं नाव नाही. मला वाटलं, सुटलो. मी हॉटेलातून जिलबी आणली. ते जिलबीकडं बघत बसले आणि म्हणाले, "ताई, डोळं चांगलं हायेत म्हनत्यात. मंग तर लई वाईट झालं. म्हंजी डोकं गेलं."

राकेश, त्यांनी हिशोब बरोबर मांडला होता. टूल क्लॅम्पवरून गेलंच, असं तू म्हणतोस, कंपनी म्हणते, सगळेच म्हणतात. डोळ्यांना तर ते दिसायलाच हवं होतं. म्हणजे दिसलं आणि डोक्यानं पुसून टाकलं. त्यांचे वडील शेवटी पोरांना ओळखत नव्हते, ते त्यांच्या मनात बसलंय.

दुसऱ्या दिवसापासून ते आले नाहीत. निरोपसुद्धा नाही. मागच्या आठवड्यात त्यांच्या बायको, दिलशादभाभी, वर्कशॉपात आल्या, पहिल्यांदाच. उभ्यानंच बोलल्या. "गॅस बंद केला का न्हाई ते धा वेळा बगत्यात. नातीला, सफाला, गाडीवर घेत न्हाईत, म्हनत्यात मला भरवसा न्हाई. सवताच्याच घरात पावण्यावानी बसत्यात. ताई, मशीन मोडली त्याचं आमी भरून देऊ. पन मानसाला काय झालं ते तेवडं सांगा."

मी काय सांगणार होते? तुझा अहवाल वाचून दाखवू? मी तो छापून आणलाय. गुळगुळीत कागद, वर तुमचं चिन्ह, खाली तीन सह्या, आणि त्यातली एक तुझी. कूलंट सडल्यावर टाकीला जो वास येतो ना, तसा मला त्या कागदाला येतो.

तू प्रदर्शनात त्या बटणाच्या शेजारी उभा होतास, फोटो पाहिला. कोट चांगला दिसतो.

एक काम कर. नाही केलंस तर पुन्हा लिहू नकोस. माझा तोच जॉब तुमच्याकडं लाव, अजीजभाईंनी लावला तसाच. आधी चार बोटं वर. मग खाली. खुर्चीत बसून 'असणार' म्हणू नकोस. उभा राहा आणि बघ.

रत्ना


पुणे,
१९ जानेवारी २०२५

ताई,

लावला. उभा राहिलो. पाहिलं.

वाट एक नाही. दोन आहेत.

कंट्रोलर वाट एकदा आखून ठेवत नाही. बटण दाबलं की तेव्हाची उंची बघून तो दर वेळी नव्यानं आखतो. चाचांनी टूल चार बोटं वर घेतलं, तेव्हा मशीनच्या वरच्या टोकापर्यंत आणखी उचलायला जागाच उरली नव्हती. म्हणून कंट्रोलरनं जॉबवरून न जाता बाहेरून वळसा घातला. क्लॅम्पच्या जवळपासही गेला नाही. चाचांनी तेच पाहिलं. मग टूल खाली घेतलं, वर भरपूर जागा झाली, कंट्रोलरनं पुन्हा वाट आखली. या वेळी त्याला जवळचा रस्ता मिळाला, टूल बोटभर उचलून जॉबवरून सरळ पलीकडं. क्लॅम्प त्याहून उंच होता.

त्यांनी जे पाहिलं ते खरं होतं. जे कापलं गेलं ते त्यांना कधी दाखवलंच नव्हतं.

मी हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, हवेत फेरी मारा असं आपल्या माहितीपुस्तिकेत कुठंच नाही, गिऱ्हाइकांनी पडद्यावरचं चित्र बघावं. प्रतिभा मॅडम म्हणाल्या, पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करू आणि 'अधिक सुलभ' असं लिहू. सगळे मान डोलावत होते. बिस्किटांची बशी फिरत होती, मीही एक घेतलं.

तू चाचांना सांग. फक्त सध्या हे लेखी कुणाला देऊ नकोस, माझी नोकरी अडचणीत येईल. तू समजून घेशील.

राकेश


अवसरी बुद्रुक,
२० जानेवारी २०२५

राकेश,

नाही समजून घेत.

त्यांना दोष दिलास तेव्हा लेखी दिलास, सहीसकट. आणि आता सुटका तोंडी, माझ्या तोंडून, हळूच? एवढं घाणेरडं काम मला सांगताना तुझा हात कसा धजला? असली मशीनं माझ्यासारख्या किती दारांत उभी असतील, तिथंही कुणीतरी हवेत फेरी मारून निर्धास्त होत असेल. त्यांना काय, 'अधिक सुलभ' झाल्यावर कळणार का?

अजीजभाईंना तू लिही. तुझ्या नावानं.

रत्ना


पुणे,
३० जानेवारी २०२५

प्रिय ताई,

चाचांना पत्र पोस्टानं पाठवलं, सही करून. अहवालावरची माझी सही मागं घेतली. ज्यांच्या मशीनवर ते बटण आहे त्या सगळ्यांना माझ्या नावानं कळवलं की दुरुस्ती होईपर्यंत ते वापरू नका. आता ऑफिसात माझ्याशी कुणी बोलत नाही, काम काढून घेतलंय. पुढं काय होईल माहीत नाही. मावशीला इतक्यात सांगू नकोस.

वादाचंही सांगतो. वाट कंट्रोलरनं आखावी की नाही, यावर मी दोन वर्षं भांडलो. आज विचारलंस तर म्हणेन, आखू दे बापड्याला, पण एकदा आखली की ती माणसाला दाखवावी आणि मग तिला हात लावू नये. ते जमत नसेल तर जुने लोक बरोबर होते. एवढी साधी गोष्ट मला सुचली नाही, कारण मशीनपुढं उभा राहून बघणारा माणूस मी धरलाच नव्हता.

चाचांना नुसत्या शब्दांवर विश्वास ठेवायला लावू नकोस. टूलच्या जागी स्केचपेन लाव, त्याला हलकी स्प्रिंग दे म्हणजे थोडं उचललं तरी रेघ तुटणार नाही. खाली पुठ्ठा ठेव. वरच्या फेरीला पुठ्ठ्याखाली पाट सरकव. एक फेरी निळ्यानं, एक लालनं. त्यांना स्वतः बघू दे.

तुझा,
राकेश


अवसरी बुद्रुक,
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय राकेश,

जय भीम. तुझं पत्र त्यांना मिळालं. दिलशादभाभींनी वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. मला बरं वाटावं म्हनून लिवतंय."

म्हणून आज मी त्यांना घ्यायला मंचरला त्यांच्या घरी गेले. आढेवेढे घेतले, पण आले. रविंद्रलाही बोलावलं होतं, तो दारातूनच खेकसला, "काय चाचा, माजी किंमत कळली का आता?" अजीजभाई हसले नाहीत. मशीनला हात लावायलाही तयार नव्हते, लांब भिंतीपाशी उभे राहिले. पेन मी बसवलं, बटण रविंद्रनं दाबलं.

निळं पेन बाहेरून वळसा घालून गेलं. पाट काढला, पुठ्ठा मशीनच्या बेडवर परत तिथंच बसवला, लाल पेन लावलं. तेच ड्रॉइंग, तेच बटण. लाल पेन सरळ मधून गेलं, जिथं क्लॅम्प होता तिथून. पडद्यावर दोन्ही वेळा हिरव्या अक्षरांत 'काम सुरळीत चालू आहे'. रविंद्रनं पडद्याला जी शिवी दिली ती लिहीत नाही.

मला वाटलं होतं, आता ते रडतील, नाहीतर चिडतील. मी तयारी केली होती. तुझ्यावर ओरडले असते तर तुला शब्दन्‌ शब्द कळवला असता. ते पुढं आले, पुठ्ठा उचलला, दारात उजेडाला नेला. आधी निळ्या रेघेवरून बोट फिरवलं, मग लाल. मग पुन्हा निळ्या. बराच वेळ तेच चाललं होतं.

नंतर पुठ्ठा माझ्यापुढं धरला. आवाज इतका खाली की रविंद्रला ऐकू जाऊ नये.

"ताई, मला हितं दोन रेघा दिसत्यात. तुमाला किती दिसत्यात?"

मी म्हणाले, "दोन, अजीजभाई."

त्यांनी मान हलवली आणि पुठ्ठा रविंद्रकडं नेला, त्यालाही विचारायला.

तुझी,
रत्नाताई